स्वायत्तता मागितली की लगेच फुटीरतावादी?

तिरकस: "स्वायत्तता मागणारे सगळे फुटीरतावादीच, फक्त हप्त्याहप्त्याने," असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलं. फुटीरतावाद म्हणजे भूभागासकट बाहेर पडून वेगळं सार्वभौम राज्य करायची मागणी. करवसुलीचे अधिकार, शाळेतली भाषा, प्रांताचे पोलीस हे त्यात येत नाही. चेकोस्लोव्हाकियाही त्यात कोंबू नका. तिथे १९९२ साली संघीय संसदेनेच कायदा करून राज्य विसर्जित केलं आणि दोन्ही देशांनी संयुक्त राष्ट्रांत नव्याने सदस्यत्व घेतलं. २००६ मध्ये माँटेनेग्रो सर्बियासोबतच्या संघातून बाहेर पडला तेव्हा जुनी जागा सर्बियाकडे राहिली, अर्ज फक्त माँटेनेग्रोला करावा लागला. याला म्हणतात फुटणं.

रोखठोक: मीच लिहिलं होतं. स्पेनमधल्या कॅटलोनियात आधी स्वायत्तताच मागत होते ना? मग २०१७ चं स्वातंत्र्याचं सार्वमत कुठून उगवलं?

तिरकस: २०१० मध्ये घटनात्मक न्यायालयाने स्वायत्ततेच्या कायद्यातली काही कलमं उडवली, त्यानंतर मागणी चढत गेली. उदाहरण तुमचं, पण बाजू माझी घेतंय.

उंबरठा: माँटेनेग्रो निघालाच आहे तर तिथल्या सार्वमतात 'हो'ला ५५ टक्के हवेत या अटीवर बोला. ५५.५ मिळाले म्हणून निभावलं. १९९८ साली कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर सेंट किट्सपासून वेगळं व्हायच्या सार्वमतात ६१.८ टक्के लोक 'हो' म्हणूनही हरले, कारण घटनेत दोन-तृतीयांशाची अट.

रोखठोक: अट हवीच! कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९९५ च्या सार्वमतात 'नाही' जिंकलं, फरक ५४,२८८ मतांचा आणि बाद मतं ८६ हजारांवर. 'हो' एवढ्याशा फरकाने जिंकलं असतं तर देश तोडायचा?

उंबरठा: आणि अट घालणार कोण? ज्याला सोडायचं नाही तोच! सोव्हिएत संघाचा बाहेर पडण्याबद्दलचा एप्रिल १९९० चा कायदा बघा. दोन-तृतीयांश, तेही झालेल्या मतदानाचे नव्हे, मताधिकार असलेल्या सगळ्या कायम रहिवाशांचे. वर पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ. भिंतीवर दार रंगवून 'उघडा' म्हणण्यातला प्रकार. लिथुआनियाने तर त्याच्या तीन आठवडे आधीच स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं होतं.

रोखठोक: मग कॅनडासारखं करा. १९९८ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एकतर्फी बाहेर पडायचा हक्क नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आलं तर वाटाघाटी बंधनकारक.

उंबरठा: 'स्पष्ट' म्हणजे किती टक्के? न्यायालयाने आकडा दिला नाही, त्यावर कॅनडाने केलेल्या २००० च्या कायद्यानेही नाही. मतदान झाल्यावर संसद ठरवणार. सोयीचंच आहे.

तिरकस: धागा स्वायत्ततेचा होता, महाराज.

रोखठोक: बरं, 'सगळे' नाही, 'बरेच' म्हणतो. झालं समाधान?

तिरकस: नाही. 'बरेच' म्हणजे कोण, नावं द्या.