सुईची भीती: आधी चक्कर येते का ते बघा
सुईच्या भीतीवर संमोहन (हिप्नोसिस) घ्यावं का, असा प्रश्न आहे. रक्त किंवा सुई बघून चक्कर येत असेल, तर नुसत्या 'अंग सैल सोडा' छाप सूचना उलट्या पडू शकतात. बाकीच्या फोबियात, म्हणजे टोकाच्या भीतीत, रक्तदाब चढतो. इथे चढून मग एकदम घसरतो, म्हणून माणूस कोसळतो. रक्तदाब असा घसरू नये म्हणून आधी स्नायू आवळायला शिका: हात, पाय, पोट 10-15 सेकंद घट्ट, चेहरा गरम वाटेपर्यंत, मग 20-30 सेकंद नेहमीसारखं, पूर्ण ढिलं नाही. असं पाच वेळा, रोज. टोचायचा हात मात्र सैलच हवा, नाहीतर जास्त दुखतं. संमोहनात मग पायरीपायरीने जायचं: सिरिंज, स्पिरिटचा वास, शेवटी टोचणं. चकरेबद्दल न विचारताच सत्र सुरू करणाऱ्या थेरपिस्टकडे मी तरी कुणाला पाठवणार नाही.