बचत न मोडता स्वतःच्या हौसेसाठी दरमहा किती रक्कम ठेवावी?

प्रश्न : नाशिककर

मी एकतीस वर्षांची असून नाशिकमध्ये एका खासगी संस्थेत हिशेबाचे काम करते. हातात ३८,००० रुपये येतात. त्यांतले ९,००० घरभाड्याला आणि ६,००० आईवडिलांना जातात. पीपीएफमध्ये (पंधरा वर्षे मुदतीच्या सरकारी बचत योजनेत) ६,०००, टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत (आरडीत) ५,००० आणि अडीनडीसाठी वेगळ्या खात्यात ३,००० असे १४,००० रुपये मी पगार होताच बाजूला काढते. उरलेल्या ९,००० रुपयांत वाणसामान, वीज, फोन आणि बसभाडे भागते. हौसेसाठी म्हणून त्यात काहीच नसते.

मार्चमध्ये नाटकाच्या तिकिटासाठी कालिदास कलामंदिराच्या तिकीट खिडकीसमोर रांगेत उभी होते. माझ्यापुढे दोनच माणसे उरली असताना, चारशे रुपयांत आठवड्याची भाजी येते हा हिशेब डोक्यात सुरू झाला आणि मी रांग सोडून घरी आले. त्यानंतर तीन आठवड्यांनी एका ऑनलाइन सेलमध्ये रात्री साडेअकराला ११,४०० रुपयांच्या वस्तू मागवल्या. त्यांतल्या निम्म्या अजून खोक्यातच आहेत. त्या महिन्याचा आवर्ती ठेवीचा हप्ता चुकला आणि ५० रुपये दंड भरावा लागला. मनापासून हव्या असलेल्या नाटकाला नाही म्हणायचे आणि नको असलेल्या वस्तूंवर पैसे घालवायचे, हे माझ्याकडून दुसऱ्यांदा झाले आहे. हौसेची रक्कम कशी ठरवावी आणि ती कशातून काढावी?

उत्तर : साताऱ्याचा निवृत्त टपाल कर्मचारी

ताई, तुमच्यात शिस्त कमी नाही. बचतीचा हप्ता जरा ओढून-ताणून बसवलेला आहे. टपाल कचेरीत काम करताना मी पुष्कळदा पाहिले, की उत्साहाच्या भरात मोठा हप्ता लावणारी माणसे सातव्या-आठव्या महिन्यात अडखळतात, आणि ५०० रुपयांचा हप्ता लावणारी भाजीवाली पाच वर्षांचे साठही हप्ते न चुकता भरते.

आता रक्कम कशातून काढावी ते सांगतो. आवर्ती ठेवीला हात लावू नका, कारण तिचा हप्ता मधेच कमी करता येत नाही, चुकल्यास शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड बसतो आणि चार हप्ते थकले की खाते खंडित होते. पीपीएफचे तसे नाही. तिथे आर्थिक वर्षात किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरायचे असतात. दरमहा ठराविक रक्कम भरण्याचे बंधन नसते. तेव्हा ६,००० ऐवजी ५,३०० भरा आणि ७०० रुपये हौसेसाठी ठेवा. मात्र पीपीएफचा भरणा पाच तारखेच्या आत करा, कारण व्याज पाच तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत खात्यात असलेल्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात.

उत्तर : ठाणेकर

वरील सल्ला मला पटतो, पण त्याची किंमतही समोर असावी. सध्याचा ७.१ टक्के दर पंधरा वर्षे टिकला असे धरले, तर दरमहा ६,००० रुपयांचे सुमारे १८ लाख ९३ हजार होतात आणि ५,३०० रुपयांचे सुमारे १६ लाख ७२ हजार. म्हणजे या सातशे रुपयांपोटी मुदतीअखेर सुमारे २ लाख २१ हजार रुपये कमी मिळतील, त्यांत तुमचे मुद्दल १ लाख २६ हजार. हा आकडा मी तुम्हाला घाबरवण्यासाठी देत नाही. ११,४०० रुपयांची एक रात्र सातशेच्या हिशेबाने सोळा महिन्यांची हौस खाऊन गेली, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा, म्हणजे निर्णय घेताना दोन्ही बाजू दिसतील.

उत्तर : कोल्हापूरची गृहिणी

आमच्या घरी हौसेचे पैसे स्टीलच्या एका डब्यात रोख ठेवतात आणि झाकणाला आतून चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्या महिन्याची हौस आधीच लिहिलेली असते. चिठ्ठी महिन्याच्या पहिल्या दिवशी, मन शांत असताना लिहायची. पुढे जाहिरातीत काहीही दिसले तरी ती बदलायची नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी याच डब्यातून मोगऱ्याच्या गजऱ्यांचे पैसे वर्षानुवर्षे दिले आणि त्याबद्दल कुणापुढे कधी खुलासा केला नाही. आपल्याकडे बाईच्या हौसेचा हिशेब सगळ्यांत आधी ती स्वतःच मागते, म्हणून आधी लिहून ठेवण्याचे मला फार महत्त्व वाटते. ज्या खर्चाला आपण शांतपणे होकार दिलेला असतो, तो करताना मन खात नाही.

नाशिककर

सर्वांचे मनापासून आभार. या महिन्यात पीपीएफमध्ये ५,३०० भरले, ७०० पाकिटात वेगळे ठेवले आणि त्यावर ‘नाटक, आईसोबत’ असे लिहिले. दोन तिकिटांचे ८०० होतात, म्हणून पुढच्या महिन्यापर्यंत थांबावे लागेल. उरलेली रक्कम अशी पुढे नेलेली चालेल का?

साताऱ्याचा निवृत्त टपाल कर्मचारी

जरूर न्या, फक्त तीन महिन्यांपलीकडे साठू देऊ नका, नाहीतर तुमच्या स्वभावाप्रमाणे तीही बचतच होऊन बसेल. आणि तिकिटे आईंच्या हातून काढा.