लपवायचंच आहे तर स्क्रिप्ट कशाला? सीएसएस पुरे!

खटपट्या: यूट्यूबवरची शॉर्ट्सची पट्टी घालवायला लोक टँपरमंकीत (पानांवर आपली स्क्रिप्ट चालवणारं ब्राउझरचं एक्स्टेंशन) स्क्रिप्ट टाकतात आणि मग बोंब मारतात की पट्टी आधी झळकते, मग जाते. झळकणारच! टँपरमंकी काही न सांगितल्यास डॉक्युमेंट-आयडलला, म्हणजे पान जवळपास तयार झाल्यावर, स्क्रिप्ट चालवतं, तोवर ब्राउझरने पान रंगवलेलं असतं. वरातीमागून घोडं. रन-ॲट (स्क्रिप्ट कधी चालवायची ते) डॉक्युमेंट-स्टार्ट, म्हणजे पानाच्या सुरुवातीलाच, ठेवा आणि स्क्रिप्टमधून सीएसएसचा (पान कसं दिसावं ते ठरवणारी भाषा) एकच नियम आत सोडा: डिस्प्ले नन (दाखवूच नको), वर इंपॉर्टंट (बाकी नियमांवर मात). तेव्हा हेड टॅग बहुधा आलेला नसतो, म्हणून स्टाइल थेट डॉक्युमेंट-एलिमेंटला, पानाच्या मूळ टॅगला, जोडा. जावास्क्रिप्टने एकेक घटक शोधत फिरणं बंद करा.

तिरकस तात्या: पट्टीपुरतं ठीक. मला शीर्षकात 'लिलाव' असलेले व्हिडिओ नकोत. टॅगच्या आतला मजकूर सीएसएसला वाचता येतो का? मग म्युटेशन ऑब्झर्व्हरच (पानात बदल झाला की स्क्रिप्टला कळवणारा) लागणार. तो झळकू देतो हा गैरसमज आहे. त्याने बोलावलेलं फंक्शन (कॉलबॅक) मायक्रोटास्क असतं, म्हणजे हातातलं काम संपताच, पुढची फ्रेम रंगवण्याआधीच चालतो. झळकतं ते सेट-टाइमआउटवाल्यांचं, जे थोडं थांबून मग काम करतात.

खटपट्या: व्हिडिओचं कार्ड (चित्र-शीर्षकाची चौकट) आधी रिकामं येतं, शीर्षक मागाहून भरतं. मधल्या वेळात चौकट रंगवून झालेली असते. मग तुम्ही ती उडवता आणि खालचं सगळं वर उडी मारतं.

तिरकस तात्या: मारू दे की. नको ते शीर्षक तर दिसलं नाही!

माळकरीण: उलट करून बघा. सगळी कार्डं सीएसएसने आधीच झाका, चाळणीतून पास होतील त्यांना स्क्रिप्टने क्लास लावून उघडा.

तिरकस तात्या: आणि स्क्रिप्ट पडली की कोरं पान? गुगल ऑप्टिमाइझ या ए/बी चाचणीच्या (पानाच्या दोन आवृत्त्या ताडून बघायच्या) साधनाचा अँटी-फ्लिकर तुकडा हेच करायचा. ए/बी चाचणीतला बदल झळकू नये म्हणून अख्ख्या पानाची ओपॅसिटी शून्य, म्हणजे पान पारदर्शक, मुदत ४००० मिलिसेकंद. मंद नेटवर चार सेकंद पांढरा पडदा. २०२३ मध्ये ऑप्टिमाइझ बंद झालं, सुटलो.

माळकरीण: चार सेकंद जास्त होते, मान्य. पण मुदत सीएसएसमध्येच घालता येते. कार्डाला व्हिजिबिलिटी हिडन आणि दीड सेकंदाने ते उघडणारं ॲनिमेशन. स्क्रिप्ट मेली तरी कार्ड दिसतं. फक्त तिथे इंपॉर्टंट लावू नका, ॲनिमेशन त्याच्यापुढे हरतं.

खटपट्या: एवढा खटाटोप कशाला? शीर्षक बऱ्याचदा लिंकच्या टायटल नाहीतर एरिया-लेबल ॲट्रिब्यूटमध्येही (टॅगवरच लिहिलेली माहिती) असतं. ते सीएसएसला वाचता येतं, आणि 'हॅज' या सिलेक्टरने (आत अमुक असलेला घटक निवडणारा) अख्खं कार्ड धरता येतं. क्रोममध्ये २०२२ पासून, फायरफॉक्समध्ये २०२३ पासून चालतं.

तिरकस तात्या: असतं तिथे करा. माझ्या यादीत शब्द रोज बदलतात आणि काही रेगेक्स (मजकुराचे नमुने) आहेत. ऑब्झर्व्हर राहणार.