हरणारी टीम तुमच्या घरात कुणी आणली?

परवा मुलीने विचारलं, "बाबा, पॅरामॅटा शेवटचं कधी जिंकलं?" (पॅरामॅटा म्हणजे आमची सिडनीची रग्बी लीगची टीम.) म्हटलं, १९८६. "तेव्हा तू केवढा होतास?" चार वर्षांचा. तिने मान हलवली, "म्हणजे तुलाही आठवत नाही." खरंच आठवत नाही. तरी कँटरबरीविरुद्धची ती ४-२ची फायनल, दोन्ही बाजूंनी एकही ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपार नेऊन टेकवणं) न झालेली, मी लोकांना अशी रंगवून सांगतो की जणू टचलाइनवर उभा होतो.

बाबा १९७९ साली सिडनीत आले. कारखान्यात पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मशीनवरच्या माणसाने विचारलं, तू कुणाचा? बाबांना वाटलं, गावाकडे विचारतात तसं कुणाच्या घरचा ते विचारतोय. त्यांनी आजोबांचं नाव सांगितलं. तो हसला आणि शनिवारी त्यांना पॅरामॅटाच्या मैदानावर, कंबरलँड ओव्हलवर घेऊन गेला. संपलं! १९८१ ला न्यूटाउनला २०-११ हरवून पॅरामॅटाने पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हा लोकांनी आनंदाच्या भरात त्याच रात्री तिथला जुना लाकडी स्टँड जाळून टाकला. बाबा म्हणायचे, "मी नव्हतो त्यात." आईचा अजून विश्वास नाही.

टीमचं नाव ईल्स. ईल म्हणजे आपला वाम मासा. आई मालवणची. ती म्हणते, "वामाचं नाव ठेवलंत ना, मग हातात आला म्हणेपर्यंत निसटणारच." २००१, २००९, २०२२. तीन फायनल, तिन्ही निसटल्या. मधे २०१२, २०१३ आणि २०१८ ला चक्क तळाला, म्हणजे वूडन स्पून (शेवटच्या टीमला चिडवून दिलेला "लाकडी चमचा").

तर धागा यासाठी: ही असली टीम तुमच्या घरात कुणी आणली, कुणी टिकवली, कुणी पळ काढला? रग्बी लीगच हवं, तेरा जणांचं, सहा टॅकलवालं (बाबांच्या भाषेत "चेंडू घेतलेली कबड्डी"). पंधरा जणांच्या रग्बी युनियनवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

ब्लॅकटाउनकर

आमच्याकडे पळ काढला तो चिरंजीवांनी. मी पॅरामॅटाशेजारच्या हॅरिस पार्कला भाड्याने राहायचो तेव्हापासून निळा-सोनेरी, म्हणजे पॅरामॅटाचा. पण घर घेताना बजेट पश्चिमेकडे घेऊन गेलं, आणि पोराच्या वर्गात सगळे पेनरिथचे. त्याचा दोष नाही म्हणा. २०२१ ते २०२४ सलग चार वेळा जिंकणारी टीम दाराशी असताना कोणतं पोर बापाची टीम धरेल?

२०२२ ची फायनल नेमकी पॅरामॅटा विरुद्ध पेनरिथ. आम्ही दोघं एकाच सोफ्यावर, मधे हिने मुद्दाम चिवड्याचा डबा ठेवलेला. हाफटाइमला १८-०. मी गप्प. तोही गप्प, ओरडला नाही की काही नाही. मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि चहा टाकला. एरवी याला चहा टाक म्हणून तीनदा सांगावं लागतं. आलं किसल्याचा आवाज ऐकू आला तेव्हा मला जास्त वाईट वाटलं. शेवटी २८-१२ हरलो. चहात साखर जास्त होती, मी काही बोललो नाही.

लाइकार्टची सून

माझं सासर सिडनीच्या बाल्मेन टायगर्स क्लबचं. सासूबाई (समोर मी नावानेच हाक मारते, इथे लिहिताना ते जमत नाही) वडिलांचं बोट धरून क्लबच्या मैदानावर, लाइकार्ट ओव्हलच्या टेकडीवर जायच्या. त्यांना १९८९ च्या फायनलचा विषय दुसऱ्याने काढलेला चालत नाही. कॅनबराविरुद्ध, जादा वेळेत, १९-१४ ने हरले. बेनी एलायसचा ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेली किक) आडव्या खांबाला लागून परत आला ते सांगताना त्या हाताची पट्टी हवेत धरतात आणि दुसऱ्या हाताची मूठ त्यावर आपटतात. दर नाताळाला. मी अकरा वेळा पाहिलंय.

मग वेस्टर्न सबर्ब्ज मॅगपाइजशी विलीनीकरण झालं आणि २००० पासून वेस्ट्स टायगर्स. सासूबाई आजतागायत "वेस्ट्स" हा शब्द उच्चारत नाहीत. २००५ ला विजेतेपद मिळालं तेव्हाही म्हणे "टायगर्स जिंकले" एवढंच.

२०२२, २०२३, २०२४ सलग तीन वर्षं तळाला. तिसऱ्या वर्षी नवऱ्याने काय करावं? मी पुण्याहून आणलेला लाकडी कालथा, ज्याने मी पुरण घोटते, तो उचलला, नारिंगी-काळी रिबीन बांधली आणि आईला भेट दिला. मला वाटलं आता घरात रडारड. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, "हा वापरलेला आहे," म्हणाल्या, आणि फ्रिजशेजारच्या खिळ्याला अडकवला. होळीला मला नवा कालथा आणावा लागला.

पूर्व हलचा डॉक्टर

सिडनीवाल्यांनो, खेळ आमच्याकडचा, उत्तर इंग्लंडचा, हे विसरू नका. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. खाणीत आणि गिरणीत खाडा करून खेळणाऱ्या माणसाला बुडालेल्या मजुरीचे पैसे मिळावेत, एवढीच मागणी होती.

मी हलमध्ये नोकरीला आलो आणि घराणं शेजाऱ्यांकडून उसनं घेतलं. शेजारचे आजोबा हल किंग्स्टन रोव्हर्सचे. शहराच्या पूर्वेला हे, पश्चिमेला हल एफसी; सोयरीक जुळवताना आधी ते बघतात. १९८० ला लंडनच्या वेम्बलीवर चॅलेंज कप या मोठ्या स्पर्धेची फायनल या दोघांतच झाली. गावाबाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी पाटी लावली होती, शेवटी जाणाऱ्याने दिवे बंद करावेत. रोव्हर्स १०-५ जिंकले. १९८५ नंतर मात्र मोठा करंडक नाहीच.

आजोबांचा एक नेम होता. टीम जिंकत असेल तर शेवटची दहा मिनिटं ते बाहेर जाऊन उभे राहायचे, बघवायचं नाही. हरत असेल तर शेवटपर्यंत जागेवर. २०१५ ला वेम्बलीवर लीड्सकडून ५०-० हरलो, तेव्हा ऐंशी मिनिटं हलले नाहीत. पुढच्या वर्षी सॅल्फर्डविरुद्ध एका गुणाने हरून खालच्या विभागात गेलो, तेव्हाही नाही. त्यांच्या लेकीने हा नेम जसाच्या तसा उचललाय.

आजोबा २०१९ ला गेले. जून २०२५ ला पुन्हा वेम्बली, समोर वॉरिंग्टन. शेवटची दोन-तीन मिनिटं उरलेली आणि आम्ही ६-२ ने मागे. मग ट्रायचे चार गुण, आणि त्यानंतरच्या किकचे वरचे दोन. ८-६. चाळीस वर्षांनी करंडक. रात्री घसा बसलेल्या आवाजात तिचा फोन: "हरत होतो म्हणून मी आत होते!"

शायरवाला

दिव्यांचा विषय निघालाच आहे तर. आमची टीम, सिडनीचं क्रोनुला, १९६७ ला लीगमध्ये आलं. त्याच वर्षी डिसेंबरात ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरल्ड होल्ट समुद्रात पोहायला गेले ते परत आलेच नाहीत. प्रशिक्षक जॅक गिब्सन म्हणायचे की क्रोनुलाच्या विजेतेपदाची वाट बघणं म्हणजे होल्टसाठी ओसरीवरचा दिवा लावून ठेवण्यासारखं आहे. २०१६ च्या फायनलमध्ये मेलबर्नला १४-१२ हरवलं. त्या रात्री आमच्या गल्लीत घरोघरी ओसरीचे दिवे जळत होते. आमचा बल्ब नेमका गेलेला.

रेडफर्न

तुमच्या टीम निदान हरतात. आमची दोन वर्षं नव्हतीच. १९९९ नंतर साउथ सिडनीला लीगमधून काढलं. लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले, कोर्टकचेऱ्या झाल्या, २००२ ला परत आलो. त्या दोन वर्षांत बाबांनी रग्बीची एकही मॅच लावली नाही, शेजाऱ्याच्या टीव्हीचा आवाज आला तरी खिडकी बंद. २०१४ ला ४३ वर्षांनी जिंकलो, तर त्यांची पहाटेची पाळी म्हणून ते हाफटाइमलाच झोपायला गेले. उठवलं नाही. सकाळी डब्यावर चिठ्ठी ठेवली, ३०-६.

एकेकाळचा पॅराकर

मी सोडली. हरतात म्हणून नाही. २०१६ ला पॅरामॅटाने खेळाडूंच्या एकूण पगारावरच्या मर्यादेचा नियम मोडला म्हणून १२ गुण कापले आणि दहा लाख डॉलर दंड झाला. मैदानात हरलेलं मी वडिलांसोबत बसून पाहिलंय, ते चालतं. वह्यांत हरलेलं नाही चालत. मुलांना जर्सी घेतली नाही, त्यांना फुटबॉलला घातलं. सुखात आहेत.

धागाकर्ता

@एकेकाळचा पॅराकर, इतकी वर्षं झाली सोडून, मग रात्री पावणेबाराला या धाग्यावर काय करतोयस?

एकेकाळचा पॅराकर

फक्त स्कोअर बघतो.