पूर्ण श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत हवा का उरते?

प्रश्न
वडिलांच्या फुप्फुसांच्या तपासणीत उच्छ्वासानंतर आत उरणारी हवा प्रमाणापेक्षा जास्त आढळली आहे. निरोगी माणसानेही कितीही जोर लावला तरी काही हवा आत राहतेच, असे वाचले. मग ती शरीराला कशासाठी लागते आणि वाढली तर नेमके काय बिघडते, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १
प्रौढ पुरुषाच्या फुप्फुसांत साधारण ६ लिटर हवा मावते. शांत बसलेले असताना दर श्वासाला जेमतेम अर्धा लिटर आत-बाहेर होते, नेहमीच्या उच्छ्वासानंतर अडीच लिटरच्या आसपास आत असते आणि सारा जोर लावला तरी सुमारे १.२ लिटर राहतेच. रक्त फुप्फुसांतून अखंड वाहत असल्यामुळे दोन श्वासांच्या मधल्या काळात त्याला ऑक्सिजन पुरवते ती हीच हवा. शिवाय तिच्यामुळे वायुकोश, म्हणजे फुप्फुसांतील हवेच्या इवल्या पिशव्या, पूर्ण मिटत नाहीत. आतून ओलसर असलेला वायुकोश एकदा मिटला की तो उघडायला बराच जास्त जोर लागतो.

उत्तर २
वरील उत्तराला एक जोड. वायुकोशांना मिटू न देणारा सर्फॅक्टंट नावाचा पातळ थरही असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास घेणे जड जाते ते त्याच्या अभावामुळे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवले.

उत्तर ३
आता वडिलांविषयी. निदान डॉक्टरच करतील, परंतु ही हवा वाढण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे एम्फिसीमा, आणि त्यामागे बहुतेकदा धूम्रपान असते. त्यात वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात, फुप्फुसांची लवचीकता जाते आणि उच्छ्वासाच्या वेळी बारीक श्वासनलिका लवकर मिटून हवा मागे अडकते. छाती आधीच फुगलेली राहिल्याने श्वासपटल सपाट होते, नव्या हवेला जागा उरत नाही आणि थोडे चालले तरी धाप लागते. म्हणूनच अशा रुग्णांना ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवतात. त्यामुळे श्वासनलिकांत थोडा दाब टिकतो आणि अडकलेली हवा बाहेर पडायला वेळ मिळतो. वडील धूम्रपान करत असतील तर ते आजच थांबवावे, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन. स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत फुंकून करायच्या श्वासाच्या चाचणीत, ही उरलेली हवा मोजता येत नाही, त्यासाठी वेगळी चाचणी लागते. तेव्हा दोन्ही अहवाल सोबत घेऊन छातीविकारतज्ज्ञांना भेटा.