चार रविवार, १२ नवशिके, ८० मीटर डांबर: काय शिकवायचं?

शेंगाचटणी१३
मंडळातर्फे १२ मुलामुलींना गाडी शिकवायची आहे. सगळ्यांना १८ पूर्ण, लर्निंग हातात. चार रविवार, सकाळी साडेसहा ते नऊ. जुळे सोलापुरात मुरमाचं मैदान मिळतंय. शेजारी सोसायटीच्या आत साधारण ८० मीटरचा सरळ डांबरी पट्टा आहे, त्या वेळी तिथे चिटपाखरू नसतं. १०० सीसीच्या दोन बाईक, एक स्कूटर. शिकवणारे चौघे, सगळ्यांकडे पक्कं लायसन. लायसनच्या परीक्षेतला आठचा आकडा काय, महिन्याभरात कुणीही काढतो. पण तो काढून आलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी विजापूर रोडला ट्रकच्या कडेकडेने घुसतं, अडचण तिथे आहे. काय घ्यायचं, कुठल्या क्रमाने?

क्लचवायर
पहिला अर्धा तास इंजिन बंदच ठेवा. गाडी ढकलत न्यायची आणि फक्त पुढच्या ब्रेकने थांबवायची. एकदा हँडल सरळ असताना, एकदा वळलेलं असताना. वळलेल्या हँडलला ब्रेक लागला की गाडी त्या बाजूला कशी झोपायला बघते, ते हाताला कळतं. यू-टर्न घेताना नवशिके पडतात ते बहुतेक याच कारणाने. पलीकडून धरायला दुसरा माणूस हवाच.

मग क्लच. पहिला गिअर, पाय जमिनीवर, रेस जराशी. गाडी ओढ घेईपर्यंत लिव्हर हळू सोडायची, लगेच परत दाबायची. प्रत्येकी २० वेळा. कंटाळतील, तरी करून घ्या. ओढ लागल्या लागल्या उरलेली लिव्हर झटकन सोडली की गाडी बंद पडते. तिथे मनात दोन आकडे मोजून मग सोडायला सांगा.

त्यानंतर उलटी शर्यत. १५ मीटर अंतर, जो सगळ्यात उशिरा पोचेल तो जिंकला. क्लच अर्धा, मागचा ब्रेक किंचित लावलेला, पुढच्या ब्रेकला हात नाही, नजर लांबच्या झाडावर. चाकाकडे बघितलं की पाय टेकलाच समजा. हे जमलं की आठ आपसूक निघतो.

जुनाखेळाडू
एक सांगतो, पुढच्या ब्रेकच्या नादी नव्या पोरांना लावू नका. मुरमावर दाबला की थेट तोंडावर. मागचा ब्रेक आणि गिअर उतरवणं, एवढं पुरे.

सातरस्ता
मुरमावर तुमचं बरोबर, डांबरावर चूक. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं. म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाकच करतं. ४० च्या वेगात कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर गाडी ९-१० मीटरमध्ये उभी राहते. नुसत्या मागच्याने जवळपास दुप्पट अंतर लागतं, आणि जोरात दाबला तर शेपूट सरकते ते वेगळंच. मैदान पहिल्या रविवारपुरतं ठेवा, ब्रेकचं सगळं डांबरावर. आधी पट्टा झाडून घ्या, मैदानातून चाकांना चिकटून आलेले खडे तिथेच पसरलेले असतात.

आखणी अशी: सुरुवातीपासून ४५ मीटरवर फक्कीची आडवी रेघ. वेग आधी २०, मग ३०, शेवटी ४०. ८० मीटरच्या पट्ट्यावर त्याच्या वर जाऊ नका. पुढचं चाक रेघेवर आलं की ब्रेक. थांबलेल्या जागी खूण करा, पुढच्या खेपेला तिथून अर्धा मीटर अलीकडे. लिव्हर लिंबू पिळल्यासारखी दाबायची: आधी हलकी, वजन पुढे आलं की घट्ट. झटका दिला तर वजन पुढे यायच्या आत चाक लॉक होतं. पुढचं लॉक झालं की लिव्हर लगेच सोडून परत दाबायची. क्लच शेवटी.

१०० सीसीच्या बहुतेक गाड्यांना एबीएस (ब्रेक लागताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसतं, सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा) असतं. म्हणजे चाक लॉक होण्यापासून वाचवणारं तुमच्या १०० सीसीत काही नाही, हातच शिकवायला हवा. दोन चुका सगळेच करतात. एक, रेघ यायच्या आधीच ब्रेक सुरू. दोन, थांबताना रेघेकडे बघणं. पुढे माणूस उभा करून त्याने किती बोटं दाखवली ते ओरडून सांगायला लावा, नजर वर येते. तो माणूस पट्ट्याच्या बाहेर, कडेला हवा.

माळढोक
तिसरा रविवार नजरेसाठी ठेवा. लेन बदलताना क्रम पक्का: आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून मागे एक नजर, मग हँडल. आरशात न दिसणारी गाडी नेमकी खांद्याजवळ असते. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. शक्य असेल तर उभा ट्रक मागून घ्या आणि एकेकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून डाव्या बाजूला लावलेली स्कूटर शोधायला सांगा. दहा भाषणांचं काम होतं.

अंतर सेकंदात शिकवा. पुढची गाडी खांबापाशी गेली की ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणायचं. त्याआधी आपण खांबापाशी पोचलो तर फार जवळ आहोत.

गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांचं वेगळं सांगा. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर पाचटाने झाकलेला, उसाची टोकं बाहेर आलेली. ६० च्या वेगात एक सेकंद भानावर यायला गेला तर १७ मीटर तिथेच संपले, वर ब्रेकचे २०. झाले ३७. बऱ्याच लहान गाड्यांचा लो बीम तेवढ्या अंतरावर अंधुकच होतो. म्हणजे ट्रॉली दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. रात्री अशा रस्त्याला ४० ते ४५.

शेंगाचटणी१३
ब्रेक डांबरावरच घेतो. पाच जणी फक्त स्कूटर चालवणार म्हणतात. त्यांना वेगळं काय? आणि हेल्मेट एकमेकांचं चालेल का?

कडकभाकरी
आधी लायसनचं बघा. बिनगिअरचं काढलं तर बाईक चालवता येत नाही, गिअरवालं काढलं तर स्कूटर चालते. नंतर बाईक घ्यायची शक्यता असेल तर आत्ताच गिअरवर परीक्षा द्यावी.

स्कूटरचा नेहमीचा घोळ म्हणजे उजवी मूठ. रेस आणि पुढचा ब्रेक एकाच हातात. घाबरून ब्रेक ओढताना मनगट खाली दबतं, रेस वाढते, गाडी भिंतीवर. मनगट सपाट आणि मुठीच्या रेषेत ठेवायला शिकवा, आणि वेग कमी करताना आधी रेस पूर्ण बंद, मगच बोटं लिव्हरवर. चालू स्कूटर ढकलत कधीच न्यायची नाही. चाक लहान म्हणून खड्ड्यात जास्त आपटतं, ब्रेक खड्ड्याच्या आधी लावून आत जाताना सोडायचा. ओढणी गाठ मारून जॅकेटच्या आत.

हेल्मेट प्रत्येकाचं आपापलं. भुवयांच्या जरा वर डोक्याचा घेर टेपने मोजा, आयएस ४१५१ चा आयएसआय शिक्का बघा. पट्टा लावून हेल्मेट धरून डोकं हलवलं तर गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. नुसतं हेल्मेट फिरलं तर साइज मोठा. पट्ट्याखाली दोन बोटं, जास्त नाही. मे महिन्यात घामाने आतलं कापड ओलं होतं, सुटं निघणारं अस्तर असलेलं घ्या.

चौथ्या रविवारी रस्त्यावर जाणार असाल तर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’, १८ सेंटीमीटर चौकोनी पाटी. लर्निंगवाल्याच्या मागे फक्त शिकवणारा बसू शकतो, मैत्रीण नाही. तो बसणार म्हणून मागच्या चाकाची हवा गाडीच्या स्टिकरवर दोघांसाठी दिलेल्या आकड्याइतकी करा, आणि ती सकाळी टायर गार असताना.