ग्रँटचा हिशोब, यूसी आणि 'करदात्याचा पैसा'

पेट्रीबाई:
गेल्या आठवड्यात एका निवृत्त लेखाधिकाऱ्यांचं लिखाण बरंच फिरलं. सारांश असा: आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) संशोधनासाठी कोट्यवधींची ग्रँट वाटतात, घेणारे यूसी (पैसे कुठे वापरले याचं प्रमाणपत्र) वेळेवर देत नाहीत, अहवाल लिहायला कंटाळतात, आणि पुढचा हप्ता अडला की विज्ञानाची गळचेपी झाली म्हणून गळा काढतात. शेवटी, "पैसा करदात्याचा आहे, तुमच्या तीर्थरूपांचा नाही." त्यावर टाळ्याच टाळ्या.

करदाती मीही आहे. म्हणून जरा सविस्तर.

यूसी न देऊन आमचा काय फायदा? सरकारी खर्चाच्या नियमावलीचा, म्हणजे जीएफआर २०१७ चा, नियम २३८ म्हणतो, आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत द्या. कागदावर भरपूर मुदत. पण यूसीशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, त्यामुळे एप्रिल उजाडला की आम्हीच अकाउंट्सच्या दारात उभे. त्यावर पीआयच्या (प्रकल्पप्रमुखाच्या) सहीने भागत नाही, वित्त विभागाची आणि संस्थाप्रमुखांचीही लागते. त्या सह्या काय मी करू?

दुसरं, पैसे येतात कधी? हप्ता खात्यात दिसतो जानेवारी-फेब्रुवारीत. आणि झिरो बॅलन्स खात्यांची (पैसे सरकारकडेच राहतात, खर्चापुरते काढायचे) व्यवस्था आल्यापासून ३१ मार्चला न वापरलेली रक्कम हातची जाते. उंदरांना आर्थिक वर्ष कळत नाही हो. ट्यूमर वाढायला जेवढे आठवडे लागायचे तेवढे लागतातच. मग मार्चमध्ये काय होतं? प्रयोगाला जे हवं ते नाही, जे चटकन मिळतं ते घेतलं जातं. आणि हेच लोक विचारतात, एवढी खरेदी मार्चमध्येच कशी?

आता खरं दुखणं. वार्षिक अहवालात एक भाग शास्त्राचा असतो, एक खर्चाचा. गेल्या खेपेला शास्त्राच्या भागात आम्ही लिहिलं की ज्या प्रथिनावर सगळी भिस्त होती ते या आजारात काही करतच नाही. प्रकल्पाचा पायाच गेला म्हणजे! वरून शंका काय आली? प्रवासाच्या हेडमध्ये (खर्चाच्या सदरात) मंजुरीपेक्षा खर्च जास्त दिसतो, खुलासा करावा. प्रथिनाबद्दल चकार शब्द नाही.

हिशोब द्यायला ना नाही. पण तुम्ही मागता तो रुपयांचा. करदात्याला त्या रुपयांतून काय कळलं, हे त्यात कुठेच येत नाही.

हिशेबनीस:
ते लिखाण माझं नाही, पण मीही तेच लिहिलं असतं. फक्त 'तीर्थरूप' गाळलं असतं.

ताई, एका संशोधन संस्थेच्या लेखा विभागात माझी हयात गेली. उंदरांना आर्थिक वर्ष कळत नाही, मान्य. संसदेला कळतं. अर्थसंकल्प एका वर्षाचा मंजूर होतो, हा नियम तुमच्या उंदरांना छळायला केलेला नाही.

शास्त्राचा हिशोब मागा म्हणता. कोणी मागायचा? मला प्रथिन कळत नाही, बिल कळतं. तीन कोटेशनं समोर येतात, तिन्हींवर एकच टाइप, एकाच जागी स्पेलिंगची तीच चूक, फक्त लेटरहेड वेगळं. कर्करोगाच्या प्रकल्पातून घेतलेला लॅपटॉप कोणाच्या घरी असतो तेही कळतं.

आणि बिलात माणूस सापडला की पुढचंही सापडतं. अमेरिकेतलं ड्यूक विद्यापीठाचं प्रकरण काढून बघा. फुफ्फुसांच्या प्रयोगशाळेतली एक कर्मचारी खरेदीच्या पैशांत हात मारताना २०१३ मध्ये पकडली गेली. मग तिचा विदा (प्रयोगांची आकडेवारी) तपासला, तर तोही बनावट. त्यावर सरकारकडून ग्रँटमागून ग्रँट उचललेल्या. २०१९ मध्ये विद्यापीठाने ११ कोटी २५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. सुरुवात झाली पावत्यांपासून!

सुपरनॅटंट:
काका, हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तो बनावट विदा ग्रँटच्या अर्जांत आणि प्रगती अहवालांत वर्षानुवर्षं जात होता. अहवाल वेळेवर होते, रकाने भरलेले होते, एनआयएचला (ग्रँट देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेला) काहीही खटकलं नाही. तिने खरेदीत लबाडी केली नसती तर आजही चाललं असतं. आणि खटला उभा राहिला तो त्याच विभागातल्या एका सहकाऱ्याने तोंड उघडलं म्हणून. याला अहवालपद्धतीचं यश म्हणायचं असेल तर धन्य.

हिशेबनीस:
मी पावत्यांचं यश म्हटलं, अहवालांचं नाही. वाचून लिहा.

ओपीडीतला:
दोन्ही बाजूंना थोडं थोडं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आहे, सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्ड, उरलेल्या वेळात आयसीएमआरचा एक्स्ट्राम्युरल (बाहेरच्या संस्थांना दिला जाणारा) प्रकल्प.

पेट्रीबाई, तुमचं प्रथिन काही करत नाही हे देशातल्या आणखी कोणाला कळलं? तुम्ही, तुमचा गट आणि ती न वाचली गेलेली फाइल. उद्या दुसरीकडे कोणीतरी त्याच प्रथिनावर त्याच सरकारकडून पैसे घेईल. तक्रार करायचीच तर ही करा. आपल्याकडे सीटीआरआय, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही, २००७ मध्ये सुरू झालं, १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली. म्हणजे चाचणी सुरू झाली हे तरी जगाला दिसतं. अमेरिकेने २००७ च्या कायद्याने पुढचं पाऊल टाकलं, कायद्याखाली येणाऱ्या चाचण्यांचे निकाल मुख्य मोजमाप पूर्ण झाल्यापासून वर्षभरात सार्वजनिक नोंदवहीत टाकायचे, निकाल अनुकूल असो वा नसो. तिकडेही सगळे पाळत नाहीत, ते सोडा. पण प्रयोगशाळेतल्या ग्रँटचा अंतिम अहवाल असाच उघडा ठेवायला काय हरकत आहे? चार पानं, सोप्या भाषेत. मग कोणीतरी वाचेलच. निदान ज्याला त्याच विषयावर पैसे मागायचेत तो तरी.

पेट्रीबाई:
ओपीडीतला, चालेल. उद्यापासून. पण ती चार पानं त्या खुलाशांच्या ऐवजी हवीत, वर आणखी नकोत.

जुना पापी:
अहवाल-बिहवाल राहू द्या, खरा शत्रू जेम, म्हणजे सरकारी खरेदीचं पोर्टल, आहे.

आम्हाला एका विशिष्ट क्लोनची मोनोक्लोनल अँटिबॉडी (ठरावीक प्रथिन ओळखणारा रेणू; क्लोन म्हणजे ती बनवणाऱ्या पेशींचा वाण) हवी होती. क्लोन बदलला की आधीच्या निकालांशी तुलना संपली, हे इथे सांगायला नको. खरेदी विभागाने मागणीतून क्लोनचा क्रमांक उडवला, कारण तो ठेवला तर 'विशिष्ट कंपनीला झुकतं माप' होतं म्हणे. एल-वन (सर्वांत कमी बोलीचा पुरवठादार) जो आला त्याने 'समतुल्य' माल टेकवला. नाव तेच, क्लोन वेगळा, आणि आमच्या नमुन्यात पट्टा (प्रथिन असल्याची खूण) उमटेचना. पूर्ण संच पुन्हा करावा लागला. वाचवले किती? आकडा लिहायचीही लाज वाटते.

आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरची आयात ड्यूटी १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के! ओरड झाली म्हणून १ ऑगस्टला मागे घेतली. त्याआधी २०२२ मध्ये उपकरणांवरची ५ टक्के जीएसटीची सवलत काढली. एका हाताने ग्रँट द्यायची, दुसऱ्या हाताने काढून घ्यायची. आणि हिशोब आम्ही द्यायचा.

हिशेबनीस:
प्रोप्रायटरी सर्टिफिकेट नावाची चीज आहे. जीएफआरचा नियम १६६. दुसऱ्या कोणाचा माल चालणार नाही, कारण हे, असं लिहून सही करायची. तुम्ही केली नाहीत, कारण पुढे ऑडिटने विचारलं तर उत्तर द्यावं लागेल. घाबरायचं तुम्ही आणि शिव्या जेमला.

जुना पापी:
केली होती! परत आली! 'याच वर्गवारीत इतर उत्पादनं उपलब्ध असल्याने मान्य करता येत नाही.' तुमच्यासारख्याच कोणाच्या तरी हस्ताक्षरात!

सुपरनॅटंट:
जून २०२५ मध्ये अर्थखात्याने हे बरंच सैल केलंय. शास्त्रीय उपकरणं आणि कन्झ्युमेबल्स (वापरून संपणारं साहित्य) संस्थेचे संचालक किंवा कुलगुरू जेमबाहेरून घेऊ देऊ शकतात. कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख, खरेदी समितीची १० वरून २५ लाख. आरोग्य संशोधन विभाग आणि आयसीएमआर त्यात आहेत. म्हणजे सरकारनेच कबूल केलं की तक्रार खरी होती.

जुना पापी:
संचालकांना अधिकार दिला. तो वापरणारा संचालक कुठे मिळतो, त्याचंही टेंडर काढा.

ओपीडीतला:
आमच्याकडे अजून फायली जुन्याच मर्यादेने फिरतायत. आदेश दाखवला तर उत्तर आलं, "तो केंद्राचा आहे, आमच्याकडे तसं पत्र नाही." पैसेही केंद्राचेच आहेत म्हटलं, तर हसले.

नवा_कोरा:
मला वाटतं आपण मूळ प्रश्नापासून भरकटतोय. एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या कॅटलिन कॅरिको यांना ग्रँट मिळेनात म्हणून १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने पदावनत केलं, आणि २०२३ मध्ये त्यांनाच नोबेल. सरकारी यंत्रणांना विज्ञान कळत नाही हेच खरं.

सुपरनॅटंट:
ग्रँटचा विषय निघाला की कॅरिको येणारच. अहो, त्यांना पैसेच मिळत नव्हते. इथे भांडण मिळालेल्या पैशांच्या हिशोबावर चाललंय. आणि पैसे नाकारले गेलेला प्रत्येक जण कॅरिको नसतो. बहुतेकांचे प्रस्ताव खरंच सुमार असतात, मी परीक्षण केलंय.

पाचव्या_वर्षातली:
इतका वेळ गप्प वाचत होते. क्लोन, जेम, ड्यूक, कॅरिको, सगळं झालं. फेलोशिपचं नाव कोणी काढलं का?

जेआरएफ (पीएचडीच्या सुरुवातीच्या वर्षांची फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० झाली, एसआरएफ (पुढच्या वर्षांची) ४२,०००. कागदावर. प्रकल्पाचा हप्ता यूसीत अडकला की पहिला पगार आमचा थांबतो. रसायनवाला उधारी देतो, घरमालक देत नाही. आणि पेट्रीबाई, वाईट वाटून घेऊ नका, पण तो वार्षिक अहवाल लिहितं कोण? खर्चाचा तक्ता, हेडनिहाय शिल्लक, मागच्या वर्षाच्या आकड्यांशी मेळ, सगळं मी करते. गाइड सही करतात. ज्या अहवालाने माझी फेलोशिप सुटणार तो मीच लिहायचा, आणि अडला तर पैसे माझेच अडणार.

हिशेबनीस:
यात लेखा विभागाचा काय दोष? पैसे आले तर आम्ही देणार. आणि खरं सांगू, गाइडला एवढी काळजी असेल तर तोवर स्वतःच्या खिशातून द्यावे. पूर्वीचे लोक देत असत.

पेट्रीबाई:
काका, आता हद्द झाली. दिलेत मी. एकदा नाही. आणि ते पैसे परत कसे घ्यायचे याला तुमच्या जीएफआरमध्ये फॉर्म नाही, म्हणून परत मागितले नाहीत. 'पूर्वीचे लोक' पुराण तुमच्यापाशी ठेवा. पूर्वी पैसे सरळ संस्थेच्या खात्यात यायचे आणि संस्था उशीर झाला तर स्वतःच्या तिजोरीतून पगार चालवायची. त्या तिजोऱ्या रिकाम्या कोणी केल्या? पैसा पडून राहतो, म्हणून परत मागवा, हे तुमच्याच जमातीने ठरवलं.

पाचव्या वर्षातली, तुझं बरोबर आहे. अहवाल आमच्याकडेही विद्यार्थीच बनवतात. अहवाल कोणी वाचत नाही अशी बोंब मी मारते आणि लिहीत मीही नाही, असा टोमणा आता कोणीतरी मारेलच.

जुना पापी:
मी मारणार होतो. संधी घालवलीत.

हिशेबनीस:
ताई, 'जमात' शब्द परत घ्या. पडून राहणारा पैसा हा खरा प्रश्न होता. सरकार व्याजाने पैसे उभे करतं आणि ते हजारो खात्यांत झोपून राहतात, तेव्हा काहीतरी करावंच लागणार होतं. पण संशोधनाला ३१ मार्चची तीच सुरी लावली हे चुकलं, एवढं लिहून देतो. तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर करता तर शिल्लक पुढच्या वर्षात आपोआप जायला हवी, परवानगीचं पत्र न मागता. हे मी नोकरीत असतानाही नोटिंगमध्ये लिहिलं होतं. कोणी वाचलं नाही.

सुपरनॅटंट:
म्हणजे तुमचेही अहवाल कोणी वाचत नाही. आपल्यात या काका.

पेट्रीबाई:
'जमात' मागे. बाकी सगळं तसंच.

ओपीडीतला:
माझ्या चार पानांच्या सूचनेवर पेट्रीबाई सोडून कोणी बोललंच नाही. जेम शब्द आला की सगळे तिकडे धावतात.

जुना पापी:
डॉक्टर, चार पानं लिहिणार कोण? पाचव्या वर्षातलीच ना?

पाचव्या_वर्षातली:
लिहीन. शास्त्राची असतील तर आनंदाने लिहीन. हेडनिहाय तक्ते काकांकडे पाठवते.

नवा_कोरा:
तज्ज्ञ जमलेच आहेत तर एक विचारतो. पहिलाच प्रकल्प आहे. यूसीच्या १२-अ फॉर्ममध्ये व्याजाचा रकाना आहे. आमच्या खात्यावर २११ रुपये व्याज जमा झालंय. तेही दाखवायचं का? रसायनांत खर्च केलं तर चालेल?

हिशेबनीस:
दाखवायचं. खर्च करायचं नाही. नियम २३०(८), व्याज भारताच्या एकत्रित निधीत जातं. भारतकोश पोर्टलवर भरा आणि पावती यूसीला जोडा. आणि ते प्रकल्पाचं जुनं बचत खातं असणार, झिरो बॅलन्स खात्यावर व्याज येत नाही. ते खातं अजून चालू कसं, हे तुमच्या अकाउंट्सला आधी विचारा.

नवा_कोरा:
अकाउंट्स म्हणतात पीआयला विचारा. पीआय मीच आहे.